भाऊंचे चोवीस मेगापिक्सेल

फ्रेमवाल्याच्या दुकानात एक कोपरा कायम तुकड्यांचा असतो. चौकटीची पट्टी कापली की वीतभर उरते. चांगली पट्टी म्हणून टाकवत नाही, आणि तिच्यात साधा पासपोर्ट फोटोही बसत नाही. किश्श्यांचं तसंच होतं बघा. माझं दुकान महाडच्या बाजारपेठेत, आणि शेजारी भिंतीला भिंत लावून विलासभाऊंचा फोटो स्टुडिओ. फोटो त्यांनी काढायचा, काच-चौकट मी लावायची. तेव्हा माझ्याकडे जे तुकडे साठलेत ते बहुतेक त्यांच्याच दुकानातले.

भाऊंचा मुलगा मंदार पनवेलला असतो. गेली काही वर्षं त्याचा एकच धोशा: "बाबा, शटर ओढा आणि इकडे या. आता कोण स्टुडिओत जातं?" आणि भाऊंचं एकच उत्तर: "अजून लागतो मी लोकांना." एवढ्या एका वाक्यावर ते दुकान उभं होतं. पुढचं सगळं त्या वाक्याचं काय झालं त्याबद्दल आहे.

* * *

भाऊंनी मोठा कॅमेरा घेतला तेव्हा पेंटरला बोलावून पाटीवर लाल अक्षरांत लिहून घेतलं, 'आता २४ मेगापिक्सेल!' पेंटरला काम आवडलं असावं, त्याने उद्गारचिन्हाला पिवळी सावलीसुद्धा दिली.

मेगापिक्सेल म्हणजे काय हे तेव्हा गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण आकडा कळायला काय लागतं? लोक येऊन सांगायला लागले, "भाऊ, चोवीसवालाच काढा हां!" पोलादपूरचा एक वरबाप तर दुसऱ्या फोटोग्राफरला दिलेली सुपारी मोडून भाऊंकडे आला. म्हणाला, "त्याच्याकडं सोळाच हायेत हो! आपल्याकडं मुंबईची मानसं येनार."

कदम सर रोज संध्याकाळी स्टुडिओत पेपर वाचायला येतात. हायस्कूलात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "विलास, आकड्याचं एवढं कौतुक करू नकोस. उद्या कुणी याच्याहून मोठा आकडा घेऊन आला तर?"

"येऊ दे की सर! आपण पण घेऊ!"

आला. शर्टाच्या खिशातून आला.

* * *

एक तरुण आला, नवा फोन घेऊन. त्याला साखरपुड्याचे फोटो काढायचे होते, पण आधी चौकशी. "तुमचा किती?"

"चोवीस," भाऊ म्हणाले.

"फक्त? माझा दोनशे हाय!"

भाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला. तेव्हा कदम सर पुढे सरसावले. त्यांना चाळीस मिनिटांचा तास मिळाल्यासारखा आनंद झाला होता. म्हणाले, "असं बघ. मोठ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, उजेड झेलतो तो, म्हणजे पंगतीतलं ताट. फोनचा म्हणजे बाळाच्या उष्टावणाची ताटली. पिक्सेल म्हणजे वाट्या, आणि प्रकाश म्हणजे आमटी. आता त्या एवढ्याशा ताटलीत दोनशे वाट्या मांडल्यास, तर एकेकीत आमटी किती येणार? थेंब! मग फोन काय करतो, सोळा-सोळा वाट्या एकात ओततो आणि एक वाटी भरली असं दाखवतो. कळलं?"

मुलगा मन लावून ऐकत होता. म्हणाला, "कळलं. पन वाट्या दोनशेच ना?"

भाऊंना राहवलं नाही. त्यांनी त्याचाच फोन घेतला, त्यातला एक फोटो उघडला आणि तपशील काढून समोर धरला. "वाच. किती लिहिलंय?" बारा लिहिलं होतं. मुलगा पांढराफटक पडला. फोन खिशात घातला आणि तडक निघून गेला. आम्ही म्हटलं, चला, एकाला तरी पटलं.

अर्ध्या तासाने कोपऱ्यावरचा मोबाईलवाला तावातावाने स्टुडिओत. "भाऊ, काय सांगितलंत त्या पोराला? माझ्या काउंटरवर उभा हाय तो! बोलतो, एकशे अठ्ठ्याऐंशी मेगापिक्सेल कमी भरलेत, ते भरून द्या!"

साखरपुड्याची ऑर्डर अर्थातच आली नाही.

* * *

भाऊंनी मग ठरवलं, बोलून उपयोग नाही, दाखवायचं. बायकोला, म्हणजे आमच्या मंगलवहिनींना, दुकानात खुर्चीवर बसवलं. एकाच जागेवरून एक फोटो फोनने, एक मोठ्या कॅमेऱ्याने. दोन्ही एका मापाचे छापले आणि काउंटरवर शेजारी शेजारी मांडले. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचं: सांगा, चांगला कुठला?

मोठ्या कॅमेऱ्याचा फोटो खरंच बघत राहावा असा होता. वहिनींच्या कानशिलावरची एक पांढरी बट, कपाळावरची बारीक आठी, नथीत उजेडाचा ठिपका. मी इतकी वर्षं काचेमागे फोटो बसवतोय, पण असा फार थोड्यांना मिळतो. फोनवाल्या फोटोत वहिनी नुकत्याच इस्त्री करून आणल्यासारख्या दिसत होत्या.

दिवसभर सगळ्यांनी फोनचाच उचलला. एकजात सगळ्यांनी!

संध्याकाळी भाऊ हताश होऊन वहिनींकडे वळले. "तू तरी सांग."

वहिनींनी दोन्ही फोटो नीट पाहिले आणि फोनवाल्यावर बोट ठेवलं. "ह्यात मी बरी दिसते."

"अगं, त्यात तू नाहीसच!"

"म्हणून तर," वहिनी म्हणाल्या, आणि तो फोटो पर्समध्ये घालून घरी गेल्या.

* * *

आमच्या दुकानांवरून रस्ता चवदार तळ्याकडे जातो. मार्चमध्ये सत्याग्रहाच्या स्मृतिदिनाला सगळा महाराष्ट्र लोटतो. पूर्वी भाऊ तिथे कॅमेरा आणि छोटा प्रिंटर घेऊन उभे राहायचे. लांबून आलेलं कुटुंब तळ्याच्या पार्श्वभूमीवर उभं राहायचं आणि पाच मिनिटांत फोटो हातात. तो हातात घेताना लोकांचे चेहरे कसे व्हायचे हे भाऊ आजही सांगतात.

परवाच्या मार्चलाही गेले. गळ्यात मोठा कॅमेरा, अंगात खिशांचं जाकीट. सकाळी एक गृहस्थ पुढे आले, सोबत म्हातारी आई, बायको, लेकी. अदबीने म्हणाले, "दादा, तुम्ही फोटोवाले दिसता. जरा आमचा एक छान काढून द्या ना." भाऊ खूश! लेन्सचं झाकण काढणार, तोच त्या गृहस्थांनी स्वतःचा फोन त्यांच्या हातात दिला.

त्यांचं बघून मागच्यांनी दिला. मग त्यांच्या मागच्यांनी. फोटोवाला म्हटल्यावर फोटो चांगला येणार, लोकांचा हिशोब सरळ होता. भाऊंनी कुणालाच नाही म्हटलं नाही. एका आजीची मान सरळ केली, एका बाळाला हसवलं, उन्हाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्यांना फिरवून उभं केलं.

दुपारी दुकानात आले आणि पाणी प्यायले. मी विचारलं, "काम झालं का?"

"खूप झालं," भाऊ म्हणाले. "कॅमेऱ्याची बॅटरी तेवढी सकाळची तशीच आहे."

* * *

लग्नांचं तर विचारूच नका. अंतरपाट सरला रे सरला की भाऊ आणि नवरा-नवरी यांच्यामध्ये फोनांचं शेत उगवतं. पोलादपूरच्या एका लग्नात भाऊ अक्षरशः घुसून, कोपरं मारून पुढे गेले, गुडघ्यावर बसले, आणि हार घालतानाचा जो क्षण असतो तो बरोबर धरला. नवरीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पडायच्या आतलं त्यांनी टिपलं होतं. मला दाखवताना त्यांचा आवाज बदलला होता.

आठवड्याने नवरा-नवरी दुकानात आली. भाऊंनी अल्बम पुढे केला. नवऱ्याने पानं उलटली, "मस्त," म्हणाला आणि फोन बाहेर काढला.

"भाऊ, एक काम होतं. आमच्याकडं पाव्हण्यांनी काढलेले मोबाईलचे फोटो हायेत, ते आम्हाला जास्त आवडले. पन हाराच्या सगळ्या फोटोंत मध्येच तुमची पाठ आलीय. तेवढी काढून देता का?"

भाऊंनी दिली. दोन दिवस कॉम्प्युटरपुढे बसून, एकेका फोटोतून स्वतःला पुसत होते. मी चहा घेऊन गेलो तर मान न वळवता म्हणाले, "हे बघ, आता इथं कुणीच नव्हतं असं वाटतंय की नाही?"

खरंच तसं वाटत होतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, पण बोललो काय, तर "चहा गार होतोय."

* * *

फोनच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर मी भाऊंचा शेजारी म्हणून एकतर्फी बोलतो असं व्हायचं.

सव गावाच्या गरम कुंडांवर एका मुंबईकर कुटुंबाने भाऊंना नेलं. थंडीची सकाळ, पाण्यावर वाफ. भाऊंनी थंडगार कॅमेरा पिशवीतून काढला आणि लेन्सवर धुकं. पुसलं, पुन्हा धुकं. भाऊ रुमालाने काच पुसतायत, आणि तेवढ्यात त्या घरातल्या आजींनी नातीच्या हातातला फोन घेऊन सगळ्यांचे फोटो काढूनसुद्धा टाकले. चांगले आले होते. आजी जाताना भाऊंना म्हणाल्या, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हां. कॅमेरा मोठा आहे ना, त्याला तापायला वेळ लागत असेल."

आणि पुराचं. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरणं महाडकरांना नवं नाही, पण त्या वर्षी ते पोटमाळ्यापर्यंत पोचलं. भाऊंनी कॅमेरा वाचवला. जुन्या निगेटिव्हांच्या पेट्या, सीड्या, अल्बम, सगळं चिखलात गेलं. घरोघरच्या अल्बमांचंही तेच झालं होतं. मग महिनाभराने लोक यायला लागले. कुणीतरी कधीतरी घरच्या अल्बमाचं पान फोनने काढून मुंबईच्या नातेवाइकाला पाठवलेलं असायचं. तिरकं, मध्ये ट्यूबलाइटची रेघ, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून विटलेलं. तेवढंच शिल्लक. "एवढा साफ करून द्या."

भाऊ एका फोटोवरची ट्यूबलाइट पुसत म्हणाले, "फोटो माझा, फोन त्यांचा, आणि उरलं काय बघ. ह्याला पिक्सेल तरी म्हणायचं का?" थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "पण उरलंय."

कदम सरांनी त्या दिवशी वाट्यांचा विषय काढला नाही.

* * *

एवढं सगळं झाल्यावर भाऊंनी आपली सीमा आखून घेतली. मला म्हणाले, "लग्नं गेली, बारशी गेली, पासपोर्ट फोटोसुद्धा लोक घरी चादरीपुढे काढतात. जाऊ देत. भिंत तेवढी माझी. माणूस गेल्यावर भिंतीवर जो फोटो लागतो, तो मोठा लागतो, आणि घरातली माणसं रोज त्याच्याकडे बघतात. तिथं फोनचं काम नाही. भिंत गेली की मी पनवेलला."

आता आमच्याकडची रीत अशी की माणूस गेला की तेराव्याच्या आत चौकटीतला फोटो हवा. आणि तो शोधायचा कुठे? फोनमध्ये हजार फोटो असतात. त्यात नातवंडं असतात, वाढदिवसाचे केक असतात, आणि म्हातारा कुठेतरी कडेला अर्धा असतो.

वरंधकडचा एकजण असाच ग्रुपफोटो घेऊन आला. वडील मध्ये, आणि त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात. "बाकी सगळे उडवा," म्हणाला, "आनि ह्यो हात पयला काढा."

"कुणाचा आहे?"

"चुलत्याचा. बाबा जित्ते होते तवर काय खांद्यावरनं निघाला नाय. आता तरी निघू दे!"

भाऊंनी हात काढला. पण मोठा केल्यावर वडिलांच्या नाकाडोळ्यांचे चौकोन झाले. त्या माणसाला चाललं. भाऊंना चाललं नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी दुकानाबाहेर फलक लावला: 'भिंतीवरचा फोटो आधीच काढून ठेवा. मोठ्या कॅमेऱ्याने. ज्येष्ठांसाठी खास.'

हेतू चांगला हो! पण पहिलेच आले ते बाजारपेठेतले आबा, काठी आपटत. "विलास, मी काल तुझ्या दुकानावरनं गेलो, आज बोर्ड लावलास. मला कधी न्यायचं ठरवलंयस?"

फलक संध्याकाळच्या आत उतरला.

* * *

आता शेवटचा तुकडा.

वरंधच्या वर डोंगरात एक वाडी आहे. गुरं, थोडी नाचणी, पावसाळ्यात भात. तिथल्या एक आजी सुनेबरोबर आल्या. आजोबा जाऊन आठवडा झाला होता. सुनेने फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं, फोटो मोठा पाहिजे, भिंतीवरचा.

तेव्हाच फोनवर नाव ऐकलं आणि भाऊ उठून उभे राहिले. त्या आजोबांचा फोटो त्यांच्याकडे होता! मुलाच्या लग्नात भाऊंनी त्यांना मांडवाबाहेर, सावलीत, एकट्याला खुर्चीवर बसवून काढला होता. मोठ्या कॅमेऱ्याने, सगळ्यात चांगल्या लेन्सने. पुरानंतरचं लग्न म्हणून डिस्कवर शाबूत. भाऊंनी आजी यायच्या आधीच तो छापला, पूर्ण मोठा. फेटा, कोट, मिशीचा एकेक केस, डोळ्यांत समोरच्या झाडाची सावली. मी माझ्याकडची सगळ्यात चांगली पट्टी काढली आणि काच दोनदा पुसून बसवली. भाऊंनी चौकट भिंतीला टेकवून तिचा फोटो काढला, फोननेच, आणि मंदारला पाठवला. खाली लिहिलं: 'बघ. अजून लागतो मी.'

आजी आल्या. सुनेने त्यांना बाकावर बसवलं. भाऊंनी दोन्ही हातांनी चौकट समोर धरली.

आजी बराच वेळ बघत राहिल्या. पदराने काचेवरून एक हात फिरवला.

"बेस हाय," म्हणाल्या. "कोन हे?"

सून गडबडली. "आई, अवो बाबा हायेत. आमच्या लग्नातले."

"नाय गो."

"अवो, कोट नाय का घातलेला, फेटा बांधलेला? बघा तरी नीट!"

"बगितला." आजींनी सुनेकडे हात पुढे केला. "तुज्या मोबाईलमंदला दाव यास्नी."

सुनेने फोन काढला. काचेला तडा गेलेला, जुना. त्यात एक फोटो होता. गोठ्याच्या दारात आजोबा, डोक्याला मफलर, हातात वैरण, कुणीतरी हाक मारली म्हणून वळतायत. हललेला. चेहऱ्याच्या जागी नुसतं वळणं होतं. एक कान दिसत होता, आणि तोंड उघडं होतं, हसत होते की ओरडत होते कळत नव्हतं.

"ह्यो," आजी म्हणाल्या. "ह्यो मोटा कर."

भाऊ हळूच म्हणाले, "आजी, ह्यात काहीच दिसत नाही. मोठा केला तर चौकोन पडून अजून फाटेल."

"फाटू दे. मोटा कर."

भाऊ आत गेले. प्रिंटरचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ येत राहिला. त्यांनी त्या फोटोत काहीही सुधारलं नाही. मोठा होऊन बाहेर आला तेव्हा जवळून नुसते तपकिरी-राखाडी चौकोन होते. मी त्याला तेवढ्याच मापाची चौकट केली. आजींनी तो घेतला, हातभर लांब धरला, आणि "अवो, या की घरात," असं काहीतरी पुटपुटल्या. मग पदरात गुंडाळून छातीशी धरला आणि उठल्या.

भाऊ पहिली चौकट हातात घेऊन तसेच उभे होते.

"आजी, मग हा?"

आजी दारात थांबल्या. काचेमागच्या त्या माणसाकडे त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं, नीट, वरपासून खालपर्यंत.

"ऱ्हाव दे तुज्याकडं," म्हणाल्या. "बरा मानूस दिसतोय. कुनाचा तरी आसंल. येतील न्यायला."